हमीदमामूंनी दिलेली जबान

दगडूतात्यांनी माझ्या वाटची माती टाकली, मामू. आधी त्यांचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो.

तुमच्या कबरीपाशी त्यांनी स्वतःची माती टाकली, बाजूला झाले, आणि काय वाटलं कोण जाणे, परत पुढं येऊन वाकले. दुसऱ्यांदा मूठ भरली आणि मोठ्यानं म्हणाले, "ही भानुदासची." भोयाचा माणूस. कब्रस्तानात असं चालतं का, कुणाला विचारावं लागतं का, कशाकशाला थांबले नाहीत. तुमच्या दुकानाशेजारचा केळीवाला बाबूभाई तिथं होता, त्यानं मला फोनवर सांगितलं. सांगता सांगता तोच रडायला लागला, मग मी.

तात्या कोण हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे दुसरेही वाचतील म्हणून लिहितो. तात्या आपल्या धरणावरच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. तुम्ही सिरसाळ्याच्या बाजारात विहिरीच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणारे हमीदमामू. सुट्टीच्या दिवशी तुम्ही गळ घेऊन धरणावर, आणि ते रोज जाळं घेऊन. तुमची दोस्ती होती असं मी म्हणणार नाही. तुम्ही दिसलात की तात्या लांबूनच ओरडायचे, "काय मामू, आज किती किलो वारं धरलं?" आणि तुम्ही गळावरची नजर न काढता म्हणायचात, "तुज्या जाळ्याला भोकं हायेत तेवढी सगळी मासळी माझी." एवढंच. चहासुद्धा आपापल्या पैशानं.

आणि मी भानुदास. मेंढक्याचा पोरगा. सातवीनंतर शाळा सोडली आणि तुमच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायला बसलो. आता कोकणात एका बोटीवर असतो. घरापासून इतका लांब की निरोप येतो, माणूस पोचत नाही.

तुम्ही गेलात कसे, किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले, ते मी इथं लिहीत नाही. ते मामीला माहीत आहे आणि तिच्यापाशीच राहू दे. मी मला माहीत आहे ते लिहितो.

त्या दिवशी आमच्या समुद्रातल्या गळ-स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. मोठमोठी माणसं फी भरून येतात, रॉडवर मासा ओढतात, मोजतात, फोटो काढतात आणि परत समुद्रात सोडतात. जमलेल्या फीतून किनाऱ्यावर कासवांची अंडी राखली जातात, आणि जाळ्यात अडकलेलं कासव सोडवायला कुणी कोळ्यानं जाळं कापलं तर त्याला जाळ्याची भरपाई मिळते. त्यात माझं काम मासा सोडण्याचं. बोटीच्या कडेला ओणवं व्हायचं, माशाला पाण्यात धरायचं, बोट अगदी हळू पुढं चालवायला सांगायची म्हणजे त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहतं राहतं. त्याच्या अंगात जीव परत आला की तो आपोआप हातातून जातो. आपण ढकलायचं नाही. त्यानं जायचं.

माझ्या हातात एक मोरी होती, लहान शार्क. खडकांजवळ आलो की फोनला रेंज येते, तशी आली आणि खिशात फोन वाजायला लागला. वाजून थांबला. परत वाजला. मला कळलं, काहीतरी झालंय. एवढ्या वेळा मला कुणी फोन करत नाही. पण हात पाण्यात, मोरी अजून सुस्त, सोडली असती तर दगडासारखी खाली गेली असती. मी "जा बाई, जा ना आता" म्हणत राहिलो, आणि ती जाईना. फोन तिसऱ्यांदा वाजला. मग तिनं शेपूट मारलं आणि गेली. ओल्या हातानं फोन काढला तर तात्यांचं नाव.

"भानुदास, बोटीत हायस का?"

"हो."

"खाली बस आधी."

"बसलोय तात्या. बोला."

"हमीदमामू ऱ्हायले न्हाईत रे."

मी मनातल्या मनात एसट्या लावायला लागलो. इथून कोल्हापूर, कोल्हापूरहून सोलापूर, सोलापूरहून पुढं... "माती कधी?" एवढंच विचारलं. "असरच्या नमाजानंतर, दुपार कलली की. तू न्हाई पोचत, मला ठावं हाय. जिवाला लावून घेऊ नकू." बोटीवरचे साहेब लोक बक्षिसाच्या गप्पा मारत होते. शेठनं, बोटीच्या मालकानं, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि कुणालातरी गप्प बसायची खूण केली. शेठचेही उपकार. पण ते वेगळे.

*

आपलं भांडण अर्धवट राहिलं, मामू. तेच सारखं डोक्यात येतं.

या कामाला लागल्यावर मी तुम्हाला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही किती वेळ हसलात. "माशाला धरायचं अन् सोडायचं? मग धरायचं कावून, बे?"

"स्पर्धा हाय मामू. मोजतात, फोटो काढतात..."

"माशाला इचारलं का, बाबा तुझा फोटो काढू का म्हणून?"

मीही हसलो. मग तुमचा आवाज बदलला. "हे बघ भान्या. मी गळ टाकतो तो खायला टाकतो. बिस्मिल्ला म्हणून टाकतो. खेळायला टाकायचा तर कुणाचं नाव घेऊन टाकू? सांग की."

मी कासवांचं सांगितलं. अंड्यांची राखण, कापलेली जाळी, सगळं. तुम्ही ऐकून घेतलंत. तुमचा हा गुण मी कुणातच पाहिला नाही, भांडतानासुद्धा समोरच्याचं पुरतं ऐकायचात. ऐकून म्हणालात, "म्हंजे टोचायचं बी मोठ्या लोकांनी, अन् सवाब बी, पुण्य बी त्यांनाच."

"मग कासव वाचवायचं कुणी? तुमी भरता का फी?"

"मी मोटारी भरतो रे. समुद्र भरायचं काम माझं न्हाई."

तुमच्याशी बोलण्यात कुणी जिंकत नसे. पण हा विषय तुम्ही सोडला नाहीत आणि मीही नाही. ईदला फोन केला तरी मुबारक म्हणून झालं की तुमचं सुरू, "काय मग, आज कितीजणांच्या तोंडाला काटे टोचलेस?" आणि खरं सांगतो, मासा हातात धरला आणि त्याच्या ओठाला रक्त दिसलं की मला तुमचाच आवाज ऐकू येतो. मी काम सोडलं नाही. मला अजूनही वाटतं की त्या फीमुळं कासवं जगतात, मी जगताना पाहिलीत. पण तुम्ही चुकीचे होता असंही मला कधी म्हणता आलं नाही. तुम्हाला एवढं तरी सांगायला पाहिजे होतं.

*

गेल्याच्या गेल्या वर्षी स्पर्धावाल्या मंडळींना गोड्या पाण्यात एक स्पर्धा घ्यायची होती. माशांच्या विणीची एखादी जागा तिथून राखता येईल असं त्यांच्या मनात होतं. शेठ म्हणाले, "तुमच्या बीड जिल्ह्यात धरण आहे ना रे?" मी हो म्हणून बसलो. धरण काय माझ्या बापाचं होतं?

पण मला ओढ्याचं तोंड आठवलं होतं. आषाढात नवं पाणी आलं की धरणातला मासा ओढ्यानं वर चढतो, अंडी सोडायला. चढणीचा मासा. तेव्हा तो इतका बेभान असतो की पोरंसुद्धा काठीनं मारतात, साडीनं धरतात. सोसायटीचं जाळं तर ओढ्याच्या तोंडावर आडवंच लागायचं. मी दुकानात होतो तेव्हा मरळ पाटीपाटीनं यायची. नंतर नंतर सोसायटीचे लोकच म्हणायला लागले की मरळ दिसत नाही. मला वाटलं, स्पर्धेच्या फीतून धरणात पिल्लं सोडता येतील, आणि त्या बदल्यात चढणीचे दिवस ओढ्याचं तोंड मोकळं ठेवायला सोसायटीला सांगता येईल.

तुम्हाला फोन केला तर तुम्ही आधी मला भूगोल शिकवलात. "तुज्या शेठला सांग, आपली गोदावरी तुमच्या समुद्राला येत न्हाई. ती पल्याड जाते, पूर्वेला."

"माहीत हाय मामू."

"मग त्याचा काय फायदा?"

"फायदा न्हाई. मीच म्हणलो."

मग म्हणालात, "ये मग. बघू."

धरणाच्या भिंतीखाली बाभळीपाशी सोसायटीची बैठक बसली ती मी विसरणार नाही. पिल्लं सोडण्याचं आणि ओढा मोकळा ठेवण्याचं मी उभा राहून सांगितलं. तात्यांचा पुतण्या उठून म्हणाला, "हे लोक काटे टोचून मासे सोडणार, ते मरून तरंगणार, अन् आपल्याला म्हणणार तुमी जाळं टाकू नका! अन् सांगतंय कोण, तर मेंढक्याचं पोरगं. सातवी नापास."

तेव्हा तुम्ही मागून उठलात. "नापास न्हाई. सातवी पास हाय. आठवीला गेला न्हाई." सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. "अन् पोरगं माझं हाय. काय बोलायचं ते मला बोल."

तात्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग अट घातली. स्पर्धा घ्या. पण एक जरी मासा मेला, एक जरी, तर करार संपला. आषाढात ओढ्याच्या तोंडावर जाळं लागणार म्हणजे लागणार. "अन् ह्याला जामीन कोण?"

"मी," तुम्ही म्हणालात. "माझी जबान."

परत येताना मी तुमच्या स्कूटरवर मागं बसलो होतो. म्हणालो, "मामू, तुम्हाला तर हे पटत न्हाई."

"मासे सोडायचं न्हाई पटत. ओढा राखायचं पटतं." वाऱ्यात तुमचा आवाज अर्धा जात होता. "अन् तू तिथं एकटा उभा व्हतास."

*

स्पर्धेत तुम्ही गळाला हात लावणार नाही म्हणालात. "मला पाण्याचं काम द्या." म्हणून काठावर ठेवलेल्या मोठ्या टपाचं काम तुमच्याकडं आलं. मासा धरला की पंच येऊन मोजेपर्यंत त्याला टपात ठेवायचं, बादलीनं धरणाचं ताजं पाणी घालत राहायचं, मोजून झालं की सोडायचं. तुम्ही पठाणीच्या बाह्या वर करून बादल्या ओतत होता. सगळे मासे धड गेले. तात्या आणि सोसायटीची माणसं बाभळीखाली बसून पाण्याकडं पाहत होती. एखादा पांढरा डाग दिसला की पुतण्या उठून उभा राहायचा. तो डाग थर्माकोलचा निघायचा, मग तो परत बसायचा.

शेवटच्या दिवशी दुपारी पुण्याहून आलेल्या एका साहेबांना कटला लागला. किती मोठा होता तो! खूप वेळ ओढून ओढून त्यांनी तो काठाला आणला. मासा दमला होता, साहेबही दमले होते. पंच पलीकडच्या काठाला होते. मी तुम्हाला म्हणालो, "मामू, सांभाळा, पंचांना घेऊन आलो," आणि पळालो.

परत आलो तर तुम्ही टपापाशी उकिडवे बसलेले, आणि तोंडावर केवढा आनंद! बाजूला दोन जार रिकामे पडलेले. पाहुण्यांना पिण्यासाठी आणलेले, फिल्टरच्या थंडगार पाण्याचे जार.

"मामू, ह्यात कुठलं पाणी घातलं?"

"जारचं. धरणाचं पाणी बघ की किती गढूळ हाय, अन् गरम. एवढा मोठा पाहुणा, लई दमलाय बिचारा. हात घालून बघ, बर्फासारखं लागतंय."

मामू, त्यात कुणाला हसू येईल तर येऊ दे. पण आपल्याकडच्या माणसाशिवाय ही चूक कुणी केलीच नसती. उन्हाळ्यात टँकरच्या मागं हंडा घेऊन धावणारी आपली माणसं, दारात आलेल्याला आधी गार पाण्याचा तांब्या देणारी. तुम्ही त्या माशाला तोच तांब्या दिलात. घरचं सगळ्यात चांगलं पाणी.

मी हात घातला. पाणी खरंच बर्फासारखं होतं; कोमट धरणातल्या माशाला असा एकदम गारठा सोसत नाही. आणि कटला आडवा झाला होता. पोटाची पांढरी बाजू वर. कल्ला एकदा उघडला, मग बराच वेळ उघडलाच नाही.

माझ्या तोंडाकडं पाहून तुम्हाला समजलं. "काय झालं? भान्या, काय केलं मी?"

"काही न्हाई. गोणपाट भिजवा. लवकर."

बाभळीखालची माणसं उठून उभी राहिली होती. कटला ओल्या गोणपाटात घेऊन मी पाण्याकडं निघालो, तर तुम्ही माझा हात धरलात. "मला दे."

"मामू, तुमचा गुडघा..."

"माझ्या हातानं झालं. मला दे म्हणलो ना."

तुम्ही त्याला घेऊन पाण्यात शिरलात. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, मांडीएवढं. मी बाजूनं चालत सांगत होतो, तोंड पुढं ठेवा, मागंपुढं हलवू नका, पुढंच न्या, हळू. तुम्ही तसंच करत होता. काठावरचं पाणी तापलेलं होतं म्हणून पुढं पुढं जात होता. पण खाली गाळ. धरणाचा गाळ म्हणजे पाय गिळतो, आणि तुम्हाला पोहता येत नव्हतं. पाणी कमरेच्या वर आलं आणि तुम्ही एका बाजूला कललात. मी तुम्हाला धरायला वळलो तर तुम्ही ओरडलात, "त्याला धर! मला न्हाई!"

तेवढ्यात मागून कुणीतरी तुमच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. दगडूतात्या. कपड्यांसकट पाण्यात आले होते. मासा मेला तर त्यांचं जाळं लागणार होतं, त्यांच्याच माणसांचं घर त्यावर चालायचं, त्यांचा पुतण्या काठावरून बघत होता. आणि ते तुम्हाला धरून उभे.

"मामू, तुमी माशाचं बघा," ते म्हणाले. "गाळाचं मी बघतो."

किती वेळ गेला मला माहीत नाही. तुम्ही त्या माशाशी बोलत होता. आधी माफी मागितली, मग रागावलात, मग "जा बाबा, घरी लेकरं वाट बघत असतील" म्हणालात. मग कल्ला उघडला. मिटला. परत उघडला. कटला सरळ झाला, तुमच्या हातांवर तसाच थोडा वेळ थांबला आणि गेला. पाणी गढूळ, कुठं गेला ते दिसलं नाही.

तुम्ही तसेच हात पुढं करून उभे राहिलात. काठावरून पुतण्या ओरडला, "मेलेला बी असाच बुडतो! उद्या वर येईल!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या बाजूला एक कटला तरंगत होता.

पुतण्या तुम्हाला बोलवायला दुकानापर्यंत आला. आपण पोचलो तेव्हा तात्या आधीच तराफ्यावरून तिथं गेले होते. त्यांनी मासा पाण्यातच उलटासुलटा करून पाहिला. सगळी सोसायटी काठावर. माझ्या फोनमध्ये आदल्या दिवशीचा फोटो होता, पण तो नुसता टपातला, अर्धा दिसणारा. मोजपट्टी लावायची राहूनच गेली होती. तुमचा चेहरा मी पाहू शकत नव्हतो.

तात्या तिथूनच म्हणाले, "हा तो न्हाई."

"कशावरनं न्हाई?" पुतण्या.

"मी धरणावर जन्म काढला. हा तो न्हाई. ह्याला वरच्या अंगाला कुणाच्या तरी जाळ्याचा काच पडलाय." आणि त्यांनी तो मासा तराफ्यावर घेतला आणि दुसऱ्या काठाला नेला. कुणाला जवळून पाहू दिला नाही.

ओढ्याचं तोंड मोकळं राहिलं. करार राहिला. तुमची जबान राहिली.

पण तुमचं समाधान झालं नाही. मी कोकणात परत आल्यावर तुमचा पहिला फोन त्याच गोष्टीसाठी. "भान्या, खरं सांग. तोच होता ना?"

"मला न्हाई माहीत मामू. तात्या न्हाई म्हणले."

"तात्या म्हणले ते मी बी ऐकलं. तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते मला खरंच कळत नव्हतं. मी तुम्हाला प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं, आणि प्रत्येक वेळी तुम्ही "हम्म" म्हणून मामीच्या हातात फोन दिलात.

मामीनंच मला सांगितलं की तुम्ही गळ टाकायचा बंद केलात. तुमचा तो चारा, पेंड आणि सडका गूळ आणि फडक्यात बांधलेला तो मसाला, ज्याच्या वासानं तिच्या पाट्याला मुंग्या लागायच्या, तो तिनं फेकून दिला तरी तुम्ही ओरडला नाहीत. त्या आषाढात नवं पाणी आलं तेव्हा संध्याकाळी दुकान बंद करून तुम्ही ओढ्यावर जाऊन बसायला लागलात. काठ्या घेऊन येणाऱ्या पोरांना परत पाठवायचात. मामी फोनवर म्हणायची, "आधी मासे आणायला जायचे. आता न आणायला जातात. दोन्ही वेळा मी उपाशी." पुढच्या आषाढात परत. गुडघा दुखत असताना. एकदा विचारलं मी, की मामू, आता सोडलेला मासा तुम्हाला पटायला लागला का? तर म्हणालात, "न्हाई. अजून बी न्हाई पटत. पण टोचलं आपण, तर राखायचं बी आपणच." भांडण तिथंच थांबलंय.

*

तुम्हाला माती देऊन आल्यावर सोसायटीच्या पोरांनी तात्यांना गाठलं. हेही बाबूभाईनंच सांगितलं. पुतण्या म्हणाला, "तात्या, जामीन मामू व्हते. मामू गेले. आता करार कुणाबरोबर? ह्या आषाढात जाळं लावू."

तात्या म्हणाले, "मामूनं जबान मला दिलती. मी हाय की अजून."

एवढं ऐकलं आणि मी तात्यांना फोन केला. आभार मानायला केला होता. पण तोंडातून भलतंच आलं. दोन वर्षं तुम्ही मला जे विचारत होता तेच मी त्यांना विचारलं. "तात्या, भिंतीपाशी सापडला तो मासा तोच होता का?"

त्यांच्या मागं कुठंतरी शेळी ओरडत होती.

"भानुदास, मला इचारू नकू," ते म्हणाले. "त्या सकाळी मी मासा बघितलाच न्हाई. मी काठावर मामूचं तोंड बघितलं."

मामू, मला वाटलं होतं हे ऐकून तुमच्यासाठी वाईट वाटेल. तुम्हाला जे सलत होतं ते खरं होतं म्हणून. तसं झालं नाही. मला एवढंच वाटलं की ज्या माणसाला तुम्ही शब्द दिलात, त्यानं तुमचा शब्द पडू नये म्हणून स्वतःचा शब्द खर्च केला. स्वतःच्या माणसांसमोर. आणि आता तो माणूस एकटा आहे. तुम्ही नाही, मी इथं, आणि समोर त्याच्याच घरातलं पोरगं जाळं घेऊन उभं राहणार आहे. तात्यांना आता उन्हात उभं राहिलं की चक्कर येते, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

पावसाळ्यात समुद्रावर मासेमारीला बंदी असते. बोटी वर ओढून ठेवतात. त्या दिवसांत मी घरी जात नाही, इथंच बोटी खरवडून रंगवतो, कारण गेलो आणि माझ्या जागी दुसरा कुणी लागला तर पुढच्या हंगामात मला बोलावतील का, ही धास्ती मला दरवर्षी असते. ती आजही आहे, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू. शेठला अजून विचारलेलं नाही. विचारायचे शब्द मनात जुळवतोय आणि ते परत परत मोडतायत.

पण तात्यांचं मी फेडणार, मामू. ह्या आषाढात जमलं तर ह्या, नाही जमलं तर पुढच्या. ओढ्यावर जाईन, त्यांच्या शेजारी उभा राहीन, पुतण्यानं काय बोलायचं ते मला बोलू दे. म्हणेन, तात्या, तुम्ही घरी जा, निवांत जेवून या. तुम्ही येईपर्यंत ओढा माझ्याकडं.